ही कुणाची मुलगी बोलते?

आमच्या गल्लीत एक बुजुर्ग राहतात. सारा मोहल्ला त्यांना बडे अब्बा म्हणतो, म्हणून आम्हीही तेच म्हणू. वय पंच्याऐंशीच्या पुढे. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता त्या दिवसांत त्यांची पहिली-दुसरी झाली, ती उर्दूतून. पुढे तहसील कचेरीत नोकरी लागली आणि सारे आयुष्य मराठी कागद लिहिण्यात गेले. पण वाचनाची भूक भागायची ती उर्दूवरच. असरनंतर ओट्यावर खुर्ची टाकून अखबार पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता.

काचबिंदूने आधी त्यांचा एक डोळा नेला, मग दुसरा. आता घरात उर्दू अखबार कोण वाचून दाखवणार? नातवंडे मराठी आणि इंग्रजी शाळांत. मकतबात जाऊन कुरआन नाजिरा शिकलेली आहेत, अक्षरे ओळखतात, पण जेर-जबर नसलेली उर्दू समोर आली की अडतात. सुनेला वाचता येते, पण ती दिवसभर कामावर असते आणि संध्याकाळी चुलीपुढे. दोन वर्षे बडे अब्बा तसेच बसून राहिले. कुणी विचारले तर म्हणायचे, "अब क्या पढना, बहुत पढ लिए."

गेल्या रमजान ईदनंतर एका संध्याकाळी आम्ही आमचा लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो. एका उर्दू अखबाराचे पान उघडले आणि 'मोठ्याने वाचा' ही कळ दाबली. एका मुलीचा आवाज आला, साफ, न घाईचा. बडे अब्बांनी मान वळवली, थोडा वेळ ऐकले आणि विचारले, "ये कौन पढ रई? कां की बच्ची है?" आम्ही सांगितले, बच्ची नाही, मशीन आहे. त्यांना पटले नाही. पुढच्या परिच्छेदात त्या आवाजाने 'मुल्क'चा 'मलिक' केला, तेव्हा ते चटकन म्हणाले, "मलिक नहीं बेटा, मुल्क, मुल्क." मग एकदम हसले. दोन वर्षांनी आम्ही त्यांना असे हसताना पाहिले.

ती बच्ची कुठली, याचे उत्तर त्या संध्याकाळी आम्हाला नीट देता आले नाही. या महिन्यात ते देण्याचा प्रयत्न आहे.

माणसाने यंत्राला बोलते करण्याचा उद्योग फार जुना आहे, पण घरातल्या संगणकापुरते बोलायचे तर २४ जानेवारी १९८४ ही तारीख धरावी. त्या दिवशी अमेरिकेत ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश संगणक लोकांपुढे आला आणि पिशवीतून बाहेर काढल्यावर त्याने स्वतःच स्वतःची ओळख करून दिली. आवाज घोगरा, शब्द तुटक, पण सभागृह उभे राहिले. त्याच काळात डेनिस क्लॅट नावाचे शास्त्रज्ञ एमआयटीत बोलण्याच्या ध्वनींचा हिशेब मांडत होते. ओठ, जीभ आणि घसा मिळून आवाजाच्या कोणत्या लहरी तयार होतात हे त्यांनी आकड्यांत पकडले आणि त्या आकड्यांवरून यंत्राकडून शून्यातून आवाज घडवला. त्यासाठी त्यांनी नमुना म्हणून आपलाच आवाज वापरला. स्टीफन हॉकिंग यांचा जो यंत्रातला आवाज जगाने ऐकला त्याचे मूळ क्लॅट यांच्या या कामात आहे. क्लॅट १९८८ साली वारले. हॉकिंग त्यांच्यानंतर जवळपास तीस वर्षे तो आवाज वापरत राहिले. पुढे चांगले, गोड आवाज निघाले तरी त्यांनी बदलला नाही, कारण तोपर्यंत तोच त्यांचा आवाज झाला होता.

ही पहिली पद्धत बाजाच्या पेटीसारखी. सूर बनवायचे, माणसाचा गळा त्यात कुठेच नाही. दुसरी पद्धत आपल्याकडच्या वाकळीसारखी. एका माणसाला बसवून तासन् तास वाचायला लावायचे, त्या ध्वनिमुद्रणाचे बारीक तुकडे करायचे आणि नवे वाक्य आले की हवे ते तुकडे शोधून एकमेकांना शिवायचे. शिवण नीट बसली तर माणूसच बोलतो असे वाटते, नाहीतर मध्येच टाका उसवल्यासारखा आवाज फाटतो. २००७ साली ॲपलने संगणकात दिलेला 'ॲलेक्स' हा आवाज लांब वाक्याआधी श्वास घ्यायचा. विंडोजवाल्यांना आठवत असेल तर २००० सालच्या विंडोजमध्ये 'सॅम' होता, रडक्या आवाजाचा. पुढे व्हिस्टामध्ये 'ॲना' आली. तिसरी पद्धत २०१६ नंतरची. लंडनच्या डीपमाइंड कंपनीने 'वेव्हनेट' नावाची रचना दाखवली. त्यात तुकडे शिवायचे नाहीत. यंत्र माणसाचे बोलणे ऐकून ऐकून लहजा उचलते आणि पुढचा ध्वनी कोणता असेल हे सेकंदाला सोळा हजार वेळा ठरवत जाते. उस्तादापुढे बसून नुसत्या ऐकण्याने शागिर्दाच्या गळ्यात सूर उतरावा, तसे काहीसे. बडे अब्बांची बच्ची या तिसऱ्या पिढीतली. तिच्या मालकांनी तिचे नाव 'गुल' ठेवले आहे. भारतीय उर्दूसाठी ती आणि 'सलमान', पाकिस्तानी उर्दूसाठी 'उज्मा' आणि 'असद', आणि मराठीसाठी 'आरोही' आणि 'मनोहर'. हे सगळे मायक्रोसॉफ्टचे आवाज, इंटरनेट असेल तर एज ब्राउझरमध्ये फुकट ऐकता येतात.

इतके वाचून कुणाला वाटेल, शास्त्र पुढे गेले, आवाज गोड झाले, संपली गोष्ट. आम्हाला मात्र गोडव्यापेक्षा तारखा खुपतात. ज्या ॲपलचा संगणक १९८४ मध्ये इंग्रजी बोलला, त्याच कंपनीच्या फोनमध्ये मराठी आवाज आला २०२२ साली. मध्ये अडतीस वर्षे गेली. अडतीस वर्षांत एक आंधळे मूल जन्मते, शाळेत जाते किंवा जात नाही, आणि त्याच्या मुलांच्या लग्नाचे वय येऊ लागते.

मधल्या काळात मराठी मुलखातल्या दृष्टिहीन हुशार मुलांचे काय झाले? त्यातल्या एकाचे नाव जगाला माहीत आहे. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूने, म्हणजे बडे अब्बांच्याच रोगाने, त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुण्याच्या वाडिया कॉलेजातून गणित, मग मुंबईची आयआयटी. बोलणारा संगणक त्यांना पुढे लाभला. मग कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली त्यांनी डॉक्टरेट केली, विषय होता गणिताची पाने यंत्राने कशी वाचून दाखवावीत. साधे वाक्य वाचणे सोपे, पण अपूर्णांकाच्या डोक्यावर घात आणि त्यावर वर्गमूळ असेल तर कानाला ते कसे कळावे? रामन यांनी आवाज चढवून-उतरवून, जाड-बारीक करून ते ऐकण्याजोगे केले. पुढे गूगलमध्ये गेल्यावर, अँड्रॉइड फोन डोळ्यांशिवाय वापरता यावा यासाठी जे काम झाले त्यात ते आघाडीवर होते. २००९ पासून अँड्रॉइडमध्ये 'टॉकबॅक' आहे. आज गेवराईच्या किंवा धारूरच्या बाजारात मिळणाऱ्या साध्या फोनमध्येही तो असतो. त्या कामात पुण्याच्या एका माणसाचा हात आहे हे आपल्या मुलांना सांगावे असे आम्हाला वाटते.

पण रामन यांचे शिक्षण इंग्रजीत झाले आणि त्यांचा संगणकही इंग्रजीत बोलला. ज्याला फक्त मराठी येते त्याचे काय? विंडोजमध्ये युनिकोडची मराठी अक्षरे आली ती २००० च्या विंडोजबरोबर. त्यातला 'मंगल' हा टंक मुंबईच्या र. कृ. जोशींनी काढलेला, ते सुलेखनातले मोठे नाव. म्हणजे पडद्यावर मराठी दिसू लागली होती. पण त्याच विंडोजमधला सॅम मराठी ओळीपाशी आला की मुकाट पुढे जाई, जणू पान कोरेच आहे.

कोंडी फुटली ती दोन फुकट गोष्टींनी. जोनाथन डडिंग्टन यांचा 'ईस्पीक' हा पहिल्या पद्धतीचा, पेटीसारखा आवाज. सगळ्या भाषा मिळून त्याचा पसारा दोनेक एमबीचा. हळूहळू त्यात हिंदी, मराठी, उर्दूचीही भर पडली. दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातली. मायकल करन नावाच्या अंध तरुणाने २००६ साली 'एनव्हीडीए' हा पडदावाचक लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध मित्र त्याला मिळाला. तोपर्यंत विंडोजवर चालणाऱ्या पडदावाचकाची किंमत आपल्या भागातल्या शाळेला झेपणारी नव्हती. या दोघांनी आपला फुकट ठेवला. आपल्या सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्यानेही २००९ पासून आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने भारतीय भाषांच्या आवाजांचे काम चालवले आणि पहिल्या सहा भाषांत मराठी होती.

ईस्पीक आम्ही आमच्या शाळेत वापरून पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगा होता, जन्मापासून दृष्टी नसलेला. आईवडील दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यावर जायचे ते उन्हाळा लागल्यावर परत यायचे. तोवर हा आजीजवळ. आजीला अक्षरओळख नाही. शाळेत कानावर पडेल तेवढाच त्याचा अभ्यास, घरी गेल्यावर पुस्तक म्हणजे नुसता कागद. एका जुन्या संगणकावर आम्ही एनव्हीडीए टाकला, मराठी निवडली आणि त्याला बसवले. पहिले वाक्य ऐकून त्याने विचारले, "सर, हा माणूस आजारी आहे का?" डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा तो आवाज. आम्हाला वाटले, कंटाळून उठेल. तो उठला नाही. दोन महिन्यांत त्याने वेग इतका वाढवला की शेजारी बसून आम्हाला एक शब्द समजेना आणि तो मात्र माना डोलावत ऐके. हे पुढे कळले, की अनेक अंध वाचक आजही गोड आवाजापेक्षा तो जुना पत्र्याचा आवाज पसंत करतात, कारण फार वेगात पळवला तरी त्याची अक्षरे विरघळत नाहीत. डोळस माणूस नजर फिरवून पान चाळतो ना, तसे ते कानाने चाळतात. म्हणून आमचे मत असे झाले आहे की आवाज माणसासारखा असणे ही डोळसांची हौस आहे. ऐकणाऱ्याला तो आपल्या भाषेत, बिनचूक आणि आपल्या हुकमात हवा असतो.

आणखी एक गंमत. बाण असलेली कळ दाबली की पडदावाचक एकेक अक्षर सुटे करून सांगतो. या मुलाने तोवर मराठी फक्त ऐकलेली. शब्द कसा लिहितात हे त्याला प्रथम यंत्राने सांगितले. मग काय, आम्ही टंकलिखित केलेल्या टिपणांत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तो काढू लागला. वर्गापुढे.

चुका यंत्रही करते आणि त्या चुकांतून आपल्याच भाषा नव्याने कळतात. मराठीत आपण लिहितो 'ऊसतोड' आणि म्हणतो 'ऊस्तोड्'. मधला आणि शेवटचा अ आपण गिळतो, हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते. यंत्राला ते नियमाने शिकवावे लागते आणि नियम चुकला की ते प्रत्येक अ ठासून म्हणते, कीर्तनकारासारखे. 'पाच' हा आकडा आणि 'पाच' हे रत्न, लिहायला एकच, च वेगळा. 'जरा' थांब म्हणताना ज वेगळा, म्हातारपण या अर्थाच्या 'जरा'मधला वेगळा. आपल्या घरांत तर तिसरा ज आहे. नमाज, जकात, रोजा यांतला. उर्दूत त्या आवाजासाठी जाल, जे, ज्वाद, जोय अशी चार अक्षरे आहेत, मराठीत ती सगळी एका ज मध्ये येऊन बसतात. मराठी आवाज 'नमाज' म्हणतो तेव्हा शेजारच्या काकू म्हणतात तसे म्हणतो. आम्हाला त्यात वावगे वाटत नाही, पण घरातली पोरे हसतात.

उर्दूची अडचण उलटी. मराठीत जास्तीचा अ गाळायचा असतो, उर्दूत नसलेला स्वर भरायचा असतो. मीम-लाम-काफ ही तीन अक्षरे लिहिली की त्यांचा मुल्क म्हणजे देश होतो, मलिक म्हणजे बादशहा, मलक म्हणजे फरिश्ता आणि मिल्क म्हणजे मालमत्ता. अलिफ-सीन म्हणजे 'इस' की 'उस' हेही वाक्यावरूनच समजायचे. वाचणारा आधी अर्थ लावतो, मग उच्चार करतो. गुलचे नेमके तिथेच चुकले आणि बडे अब्बांनी कान पकडला.

आपल्या मासिकांतल्या एका सवयीबद्दल इथेच सांगून टाकतो. प्रेषितांच्या नावापुढे आपण कंसात 'सल्ल.' लिहितो, सहाबांच्या नावापुढे 'रजि.'. डोळ्याने वाचणारा मनात पूर्ण दरूद म्हणतो. यंत्र मात्र 'सल्ल' म्हणून टिंबापाशी थांबते, जसे ते 'जि. बीड' वाचताना 'जि' म्हणून थांबते. ऐकणाऱ्याच्या कानावर अर्धवट शब्द पडतो. जागा वाचवण्याची ही रीत ऐकणाऱ्या वाचकाचा विचार करून सोडता येईल का, असे संपादकांना आम्ही विचारणार आहोत.

दुसरा प्रश्न आम्हाला घरोघर विचारला गेला: मग कुरआन शरीफही हे वाचेल का? वाचू शकेल, अरबी आवाजही निघाले आहेत. पण तजवीद ही गळ्यातून गळ्यात उतरत आलेली गोष्ट. मोठमोठ्या कारींची ध्वनिमुद्रणे फोनवर फुकट असताना तुकडे शिवलेल्या किंवा अंदाजाने घडवलेल्या आवाजाकडून तिलावत ऐकावी असे आम्हाला वाटत नाही. यंत्राने तरजुमा वाचावा, तफसीर वाचावी. आणि मुळात दृष्टिहीनांच्या बाबतीत आपल्याला यंत्राने धडा द्यावा अशी वेळ यायला नको होती. सूरह अबस कोणत्या प्रसंगी उतरली हे आपल्या घरात मुलांनाही ठाऊक असते. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम, अल्लाह त्यांच्यावर राजी असो, दृष्टिहीन होते आणि मदिनेत अजान देत. अंध माणसाला हाफिजजी म्हणून आदराने हाक मारायची आपली जुनी रीत. पण हिफ्जच्या पलीकडे, सातवीचे विज्ञान आणि दहावीचा भूगोल त्याच्यापर्यंत कसा पोचावा याचा विचार आपण फारसा केला नाही.

आता आवाज आला आहे, तर नवीन अडचण आपण स्वतः उभी केली आहे. ही कबुली आहे, कारण त्यात आम्हीही आहोत. शाळेची सूचना आम्ही कागदावर लिहायचो, फोनने फोटो काढायचो आणि पालकांच्या गटावर टाकायचो. ज्या मुलाबद्दल वर लिहिले त्याची आजी शेजारच्या पोराचा फोन मागून आणायची आणि मुलगा टॉकबॅक लावून ऐकायचा. फोन म्हणायचा, "फोटो." परीक्षेचे वेळापत्रक बदलले तेव्हाही म्हणाला, "फोटो." सहामाहीच्या एका पेपरला तो दुसऱ्या विषयाचा अभ्यास करून आला. त्या दिवसापासून आम्ही सूचना टंकलिखित करून टाकतो. त्याचा फायदा आणखी कुणाला झाला ते नंतर कळले. गटात अशा कितीतरी आया होत्या ज्यांना वाचता येत नाही आणि ज्या आजवर नवऱ्याला किंवा पोरीला विचारून घ्यायच्या. आता त्या मजकूर निवडून फोनकडून ऐकतात. कुणाला विचारावे लागत नाही.

फोटोसारखाच दुसरा अडसर जुन्या टंकांचा. श्रीलिपी, कृतीदेव यांच्या जुन्या टंकांत जुळवलेले पान डोळ्यांना मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो. यंत्र तो कचरा वाचते. उर्दूत जुन्या इनपेजच्या फायलींचे तेच. युनिकोडमध्ये लिहिलेले तेवढेच बोलते. लग्नपत्रिका, मय्यतीची खबर, मशिदीच्या चंद्याचा हिशेब, शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख, हे सारे आपण सुंदर चित्र करून पाठवतो. त्याखाली चार ओळी टंकलिखित केल्या तर बडे अब्बांसारख्या माणसाला कुणाच्या मय्यतीची खबर तिसऱ्या दिवशी कळणार नाही.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दृष्टिहीनांसाठी पुस्तक ऐकण्याच्या किंवा ब्रेलच्या रूपात आणायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. याच विषयावरचा माराकेशचा जागतिक करार मंजूर करणारा पहिला देश भारत, २०१४ साली. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे.

घरी करून पाहायचे असेल तर अवघड नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' हा भाग असतो, मराठीत काही फोनवर 'प्रवेशयोग्यता' लिहिलेले दिसते. त्यात 'सिलेक्ट टू स्पीक' सुरू केले तर बोट ठेवाल तेवढाच मजकूर फोन वाचतो, वाचता न येणाऱ्यांसाठी हे पुरेसे आहे. 'टॉकबॅक' पूर्ण अंधांसाठी. तो सुरू झाला की एकदा स्पर्श केल्यावर फोन फक्त नाव सांगतो, उघडायला दोनदा टकटक करावी लागते. डोळसांची यात हमखास फजिती होते, आमच्या एका नातेवाइकाने फोन बिघडला म्हणून दुकानात नेला होता. तिथेच 'टेक्स्ट टू स्पीच' मध्ये भाषा मराठी किंवा उर्दू निवडा आणि वेग आधी कमी ठेवा. विंडोजवर कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की त्याचा स्वतःचा वाचक बोलू लागतो. एज ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि यू.

बडे अब्बांकडे आता त्यांच्या नातवाने फोनवर सगळे बसवून दिले आहे. असरनंतर ओट्यावर अखबार चालू असतो. गुलच्या चुका ते मोजतात आणि मगरिबला मशिदीत आम्हाला सांगतात. पूर्वी दहा-बारा असायच्या, हल्ली चार-पाच, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला वाटते, त्यांना तिची सवय झाली असावी.

मागच्या महिन्यात त्यांनी एक पत्र्याची पेटी काढायला लावली. आत पत्रे होती. त्यांची बीवी बाळंतपणासाठी माहेरी असताना तिने लिहिलेली, उर्दूत, शाईच्या दौतीतली. त्यांना सात वर्षे झाली जाऊन. बडे अब्बा म्हणाले, "ये भी पढवा दो उस बच्ची से." नातवाने फोटो काढून पाहिला, दोन-तीन ॲप लावून पाहिली. ओळी वाकड्या, शाई पसरलेली, अक्षर एकात एक गुंतलेले. यंत्राला एक ओळ लागली नाही.

मग सहावीतल्या नातीने पत्र हातात घेतले. तिला शब्द येत नव्हते, अक्षरे येत होती. ती बोट ठेवून एकेक अक्षर म्हणू लागली, "काफ... लाम... काफ पे एक और काफ है दादा, नहीं, गाफ है..." आणि बडे अब्बा डोळे मिटून ती अक्षरे जोडत शब्द म्हणू लागले. एखादा शब्द चुकला की मागचा पुढचा पाहून दुरुस्त करायचे. एका संध्याकाळी सात-आठ ओळी होतात. पहिले पत्र अजून अर्धे झालेले नाही.